एका पायरीत विझलेला उजेड

तंबाखूची कापणी सुरू झाली की आमच्याकडची हवा माणसाचं नरडं धरते. निपाणीच्या वखारींपासून दोन कोस लांब असलात तरी डोळे चुरचुरतात, नाकातून पाणी येतं, जीभ कडू होते. बाहेरचा माणूस पहिल्या दिवशी ओकतो. आम्ही ओकत नाही. खोकतो आणि कामाला लागतो. रानात कंबरेएवढी झाडं उभी असतात, पानांवर लाल-तपकिरी ठिपके पडलेले असतात, आणि माणसं वाकून बुंध्यावर विळा घालत पुढे सरकतात. झाड पडतं तेव्हा ओला, जड आवाज येतो. संध्याकाळपर्यंत सगळं रान आडवं झालेलं असतं. लहानपणी त्या आडव्या रानाकडे बघून मला वाटायचं, इथे काहीतरी घडून गेलंय आणि कुणी बोलत नाहीये.

परवा बेळगावहून गावी आले आणि स्टँडवर उतरताच हा वास आला. माझे पाय थांबले. मागून एक बाई म्हणाली, बाजूला व्हा की ओ बाई, वाट अडवून काय उभारलाय. मी बाजूला झाले. वर्ष झालं होतं.

मी बेळगावात एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. माझा धाकटा भाऊ भरतेश बेंगळुरूला संशोधन करायचा. मी पुस्तकातलं शिकवणारी, तो पुस्तकात अजून न आलेलं शोधणारा, असं आप्पा लोकांना सांगायचे. आप्पा म्हणजे आमचे वडील. पोरगा नेमकं काय करतो असं कुणी विचारलं की मात्र ते माझ्याकडे बघायचे.

तो काय करायचा ते त्यानेच एकदा तंबाखूच्या बांधावर बसून आप्पांना सांगितलं होतं. प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा घ्यायचा, केसाच्या जाडीहून किती तरी पातळ. त्यात रंगाचे रेणू मिसळायचे, पण इतके थोडे की एका ठिपक्यावर उजेड टाकला तर तिथे मोजके सापडावेत. मग तो पापुद्रा द्रवरूप हीलियममध्ये गार करायचा, शून्याखाली दोनशे सत्तर अंशांपर्यंत. तिथे सगळी थरथर जवळजवळ थांबते. मग लेसरचा रंग अगदी बारीक बारीक बदलत न्यायचा. प्रत्येक रेणू आपल्या एकाच रंगाला उत्तर देतो. तो रंग आला की चमकतो, गेला की गप्प.

"गार कशाला करायचं एवढं?" आप्पांनी विचारलं.

"गरम असताना सगळे एकदम बोलतात आप्पा. बाजारासारखं. कोण काय म्हणतंय कळत न्हाय, नुसता गोंगाट. गार केलं की एकेकाचं ऐकाय येतंय."

"आनि एकाचं ऐकून करायचं काय?"

भरतेश हसला. म्हणाला, सरासरी खोटं बोलत नाही, पण ती कुणाचंच खरं सांगत नाही.

शेजारच्या सरीत कल्लाप्पा कापत होता. भरतेशच्या वर्गातला, पहिलीपासून सातवीपर्यंत एकाच बाकावरचा. पुढे कल्लाप्पाची शाळा सुटली, भरतेशची चालू राहिली. कापणीच्या दिवसांत तो दर वर्षी आमच्याकडे यायचा, कारण त्याच्याइतका वेगाने विळा चालवणारा आसपास कुणी नव्हता. डावखुरा होता. दोन्ही हात मनगटापर्यंत तंबाखूच्या चिकाने काळे. हा चीक साबणाने जात नाही, आठ-आठ दिवस राहतो. कल्लाप्पा मान वर न करता म्हणाला, "भरत्या, माजं ऐकाय मला कुठल्या पिपात घालतोस सांग." आप्पासुद्धा हसले होते.

भरतेशने मला एक कागद दिला होता. अजून माझ्या कपाटात आहे. एका रेणूची नोंद. वरून खाली काळ, डावीकडून उजवीकडे रंग. लेसर पुन्हा पुन्हा तेच रंग चाळत जातो आणि दर वेळी जिथे रेणू चमकला तिथे ठिपका पडतो. ठिपक्यांखाली ठिपके येऊन एक उभी रेघ होते. ही रेघ सरळ असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. मध्येच ती उजवीकडे उडी मारत होती, परत येत होती, पुन्हा उडी मारत होती. मी विचारलं, एवढ्या थंडीत याला कोण हलवतंय? तो म्हणाला, त्याला कुणी हलवत नाही, शेजारी हलतात. प्लास्टिक हे स्फटिकासारखं शिस्तीत रचलेलं नसतं, वेडंवाकडं गोठलेलं असतं. त्यातले काही तुकडे असे अवघडून बसलेले असतात की तेवढ्या गारठ्यातही या कुशीवरून त्या कुशीवर होतात. शेजारचा एक तुकडा उलटला की रेणूवरचा दाब बदलतो आणि याचा रंग सरकतो. म्हणजे रेणूकडे बघून शेजारी काय चाललंय ते कळतं.

आणि कागदाच्या खालच्या बाजूला रेघ संपलेली होती. हळूहळू फिकट होत गेली नव्हती. एका ओळीत पूर्ण उजेड, पुढच्या ओळीत अंधार. तिथे भरतेशने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे संपला'.

ज्या उजेडात तो दिसतो त्याच उजेडाने तो जळतो, असं तो म्हणाला. किती बघायचं ते आधी ठरवावं लागतं, कारण प्रत्येक बघणं म्हणजे एक घाव. पण जाताना तो एक पुरावा देऊन जातो. पुष्कळ रेणू असतील तर उजेड थोडा थोडा उतरतो. एकच असेल तर एका पायरीत विझतो. तसा विझला की खात्री पटते, आपण इतका वेळ बघत होतो तो एकटाच होता.

गेल्या वर्षी याच दिवसांत तो चार दिवसांसाठी आला होता. हीलियम यायचा दिवस ठरलेला होता. एकदा पिंपातून ओतलं की ते उडत राहतं, कुणासाठी थांबत नाही, म्हणून त्याला परत जायलाच हवं होतं. मला बेळगावला जायचं होतं, तिथून तो रात्रीची गाडी धरणार होता. आम्ही दोघं दुपारी निपाणीच्या स्टँडवर उभे होतो आणि वातावरण बिघडलेलं होतं.

आमच्याकडे 'वातावरण बिघडलंय' एवढंच म्हणतात. कशावरून ते सांगावं लागत नाही. स्टँडवर दोन राज्यांच्या गाड्या लागतात आणि अशा दिवशी कोणती गाडी कुठे फुटेल याचा हिशेब आम्हा सगळ्यांना येतो. लहान मुलांनासुद्धा येतो. काल पलीकडे एका राज्याची फुटली असेल तर आज अलीकडे दुसऱ्याची फुटते. म्हणून काल मार खाल्लेली गाडी आज धरायची. मी आयुष्यभर याच नियमाने प्रवास केला आणि मला काही झालं नाही. भरतेश म्हणाला, वडापच्या खाजगी जीपने जाऊ या आक्का, जीप कुणाचीच नसते. मी म्हणाले, तुझी बॅग आहे, जीपमध्ये कोंबून बसायचं, त्यापेक्षा ही गाडी बघ, निम्मी रिकामी आहे, आज हिला कुणी हात लावणार नाही.

तो नियम गर्द्यांच्या सरासरीचा होता. रस्त्यावरच्या त्या एका गर्दीला तो माहीत नव्हता.

ती गर्दी कोणत्या बाजूची होती आणि गाडी कोणत्या राज्याची, हे मी इथे लिहिणार नाही. वर्षभर लोकांनी मला आधी तेच विचारलं आणि उत्तर कळल्यावर हळहळायचं की नाही ते ठरवलं.

निपाणी मागे पडून थोडा वेळ झाला असेल. पुढे टायर जळत होते, म्हणून ड्रायव्हरने वेग कमी केला. कडेला पन्नासेक माणसं. ओरडण्यातले शब्द कळत नव्हते. कुणीतरी म्हणालं, पडदे ओढा. भरतेशच्या बाजूला पडदा नव्हता. तो खिडकीशी होता, मी त्याच्या पलीकडून बाहेर बघत होते. मला एक हात वर गेलेला दिसला. डावा हात, मनगटापर्यंत काळा. हाताखाली तोंड होतं. तोंडावर टॉवेल होता, तो हात उचलताना खाली घसरला. मग काच आली.

काच फुटल्याचा आवाज मला आठवत नाही. दगड आठवतो. खडीचा, नारळाएवढा, एका बाजूला डांबर लागलेला. तो भरतेशच्या कानामागे लागून माझ्या मांडीवर पडला. गरम होता. भरतेशने माझ्याकडे वळून बघितलं, काहीतरी सांगायचं राहिलंय असं, आणि त्याच्या डोळ्यांतलं माणूस निघून गेलं. तो कण्हला नाही, पाणी मागितलं नाही. मी त्याच्या डोक्याला पदर दाबून धरला तेव्हा पदराखाली हाड सरकलं. गाडी पळत होती. मागच्या काचा एकेक करून फुटत होत्या, लोक सीटखाली घुसत होते, एक म्हातारा मोठ्याने णमोकार मंत्र म्हणत होता आणि मी भावाच्या कानात त्याचं नाव घेत होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रस्त्यातच गेला. मला माहीत होतं. रेघ संपली ती ओळसुद्धा मला माहीत होती.

त्यानंतर किती तरी दिवस मी त्याला शोधत होते. वेडेपणाने नाही, त्याच्याच पद्धतीने. त्याने सांगितलं होतं की रेघ संपली म्हणून लगेच संपला असं लिहायचं नसतं. कधी कधी रेणू जळालेला नसतो, मोठी उडी मारून लांबच्या रंगावर गेलेला असतो. म्हणून आजूबाजूचे रंग चाळायचे, पुन्हा पुन्हा, धीराने. मी त्याच्या खोलीत, त्याच्या शर्टांत, त्याच्या वह्यांच्या समासांत चाळत राहिले. कुठेच उत्तर आलं नाही. तेव्हा मी त्याच्या कागदावरच्या त्या दोन शब्दांखाली बोट ठेवून बसले आणि पहिल्यांदा ओरडले.

पोलिसांनी त्याच दिवशी जबाब घेतला होता. कुणाला ओळखलं का? आप्पा माझ्या शेजारी बसले होते, त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. मी म्हणाले, गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी भरतेशला उचलायला चार खांदे लागले. त्यातला एक कल्लाप्पाचा होता. तो डाव्या बाजूला होता. तो काळा हात बांबूला धरलेला होता आणि मी दारात उभी राहून तो हात बघत होते. तो रडत होता. खरं रडत होता, तेच मला सहन होईना. त्या क्षणी माझ्या हातात विळा असता तर मी काय केलं असतं हे मला ठाऊक आहे. मी शांत बाई आहे, वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही अशी मुलं तक्रार करतात. पण वर्षभर मी रोज आंघोळीच्या वेळी तो हात मनात तोडत आले. मनगटाच्या वर, सांध्यात, जिथे सोपं जातं तिथे.

आठवड्याने बारा जणांना धरलं. त्यात कल्लाप्पा होता. दोन महिन्यांनी सगळे जामिनावर सुटले आणि आपापल्या कामाला लागले. या कापणीला आप्पांनी त्याला परत बोलावलं. मला ते फोनवरून कळलं. आप्पांनीच सांगितलं. माणसं मिळत नाहीत, रान उभं वाळतंय. मग थांबून म्हणाले, "बारातला एक हाय त्यो. सगळ्यांनी थोडं थोडं मारलं म्हणायचं. एकेकाच्या वाट्याला किती येतंय मग? तेवढं गिळाय येतंय गं मला. गिळल्याबिगर ह्या गावात ऱ्हायचं कसं?"

त्यांनी आपल्या मुलाचा मृत्यू बारा जणांत पातळ केला होता, आणि त्यावर ते जगत होते. माझ्या एका शब्दाने ते सगळं एका माणसावर येऊन पडणार होतं, आणि तो माणूस रोज त्यांच्या हातचा चहा पीत होता.

साक्षीचं समन्स आलं ते घेऊनच मी परवा गावी आले. सरकारी वकिलांनी सांगितलं होतं, तुम्ही नुसतं गर्दी म्हणालात तर एक तर बाराही सुटतील, नाहीतर बाराही अडकतील. त्यातले दोघं तिथे नव्हतेच असं गावात सगळे म्हणतात.

दुपारी मी रानात गेले. आप्पा घरी आडवे झाले होते. कल्लाप्पा एकटाच शेवटच्या पट्टीत कापत होता. मी बांधावर बसले. वास डोक्यात चढत होता. त्याने मला बघितलं, मान हलवली आणि कापत राहिला.

"कल्लाप्पा, मी तुला बघितलंय," मी म्हणाले.

त्याने आणखी दोन झाडं पाडली. मग विळा मातीत रोवला.

"कवा?"

"तू दगड मारलास तेव्हा."

तो उकिडवा बसला. पळून जाईल असं मला वाटलं, अंगावर येईल असंही वाटलं. त्याने तळहात मांडीवर पुसले. काही पुसलं गेलं नाही.

"काचंवर ऊन हुतं आक्का," तो म्हणाला. "आत कोण हाय दिसत न्हवतं."

"कुणीतरी आहे हे माहीत होतं ना?"

"बस हुती ती. मला नुस्ती बस दिसत हुती. त्या बशीत आपलं कोण असंल असं वाटलंच न्हाय."

मी विळ्याकडे बघत होते. तो माझ्या हाताच्या अंतरावर होता. त्यानेही ते बघितलं आणि विळा उचलला नाही, सरकवला नाही, तसाच राहू दिला. वाऱ्याने आडवी झाडं सळसळली. मी हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

"नाव घेणार काय?"

"घेणार."

"आप्पास्नी ठावं हाय?"

"नाही."

"कोर्टात घ्या," तो म्हणाला. "रानात न्हाय सांगायचं त्यांला. इथं माज्या हातात विळा असतोय. त्यांच्या बी असतोय."

मग तो उठला आणि राहिलेली सरी कापायला लागला. त्याच वेगाने. मी उठून आले.

काल साक्ष झाली. आप्पा माझ्या मागून बेळगावला आले, मला न विचारता, आणि कोर्टात शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. बाराही जण पिंजऱ्यात उभे होते, खांद्याला खांदा लावून. लांबून बघितलं तर एकच काळसर पट्टा. आरोपींच्या वकिलांनी विचारलं, किती लोक होते? मी म्हणाले, पन्नास असतील. पन्नास जणांच्या धावपळीत, चालत्या गाडीतून, एवढ्या गडबडीत तुम्हाला काय दिसलं?

"एक जण," मी म्हणाले.

आणि नाव घेतलं. बारा जणांची ती ओळ हलली. अकरा जण नकळत थोडे बाजूला झाले आणि कल्लाप्पाच्या दोन्ही बाजूंना जागा झाली. त्याने मान खाली घातली नाही. वकिलांनी विचारलं, मग वर्षभर गप्प का राहिलात? मी म्हणाले, गर्दी म्हणणं सोपं होतं. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलंत. मी म्हणाले, हो. मग कुणी विचारलं नव्हतं तरी मी सांगितलं की ती गाडी मी निवडली होती. न्यायाधीशांनी लेखनिकाला ते लिहू नका म्हणून खूण केली. ते या खटल्यात येत नाही.

 मी वळून बघितलं तेव्हा आप्पांची टोपी मांडीवरून खाली पडली होती आणि ते ती उचलत नव्हते. आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. बस आली. त्यांनी ती कुणाची आहे हे न बघता पाय टाकला.

आज सकाळी रानात निम्मी पट्टी उभी होती. कल्लाप्पा आलेला नाही, आणि आता येणारही नाही. आप्पा पहाटेच विळा घेऊन वाकले होते. एकेका झाडावर दोन-दोन, तीन-तीन घाव घालत होते, एकाने पडत असलेल्यावरसुद्धा. मी बांधावर चपला काढल्या आणि दुसरा विळा घेतला. आम्ही दोन सऱ्या सोडून कापत गेलो. दुपारपर्यंत ते एकदाच बोलले, माझ्याकडे न बघता.

"एकटाच हुता व्हय?"

"एकटाच."

त्यांनी पुढचं झाड पाडलं.

आता पडवीत बसून हे लिहिते आहे. कागदाला बोटांचे डाग पडत आहेत. हात तीनदा धुतले, चिंचेने घासले, काळं गेलं नाही. या दिवसांत इथे सगळ्यांचेच हात असे असतात. पण हे माझे आहेत.